नववी नळी

हातोदला आमच्या शेडात पेरणीयंत्र एकच,
नऊ फणांचं. भाडं तासावर, डिझेल ज्याचं त्याचं,
आणि नंबरांची वही माझ्याकडे.
सासरे म्हणायचे, तिफण होती तोवर
पेरणीचा दिवस बैलांच्या पायांनी ठरायचा.
आता माझ्या पेनानं ठरतो.

सोयाबीन निघालेलं.
पलेव्याचं पाणी जमिनीनं पिऊन घेतलेलं.
काळी माती मुठीत दाबली की लाडू होतो
आणि बोट लावलं की फुटतो,
तो वाफसा. चार दिवसांचा पाहुणा.
त्या चार दिवसांसाठी वहीत बावीस नावं.

हंगामाच्या आधी मी यंत्राचं चाक जॅकवर उचलते,
हातानं वीस फेरे देते,
नऊ नळ्यांखाली नऊ वाट्या मांडून.
मग एकेक वाटी घरच्या तराजूत.
त्या वर्षी आठ वाट्या तोलल्या, सारख्या भरल्या.
नववी भरली असणार, असं धरून चालले.
भेरूसिंग दारात होता,
ट्रॅक्टर बंद न करता.

रामकन्याबाईचं नाव वहीत चौथं होतं.
ते मी अठरावं केलं.
कारण सांगण्यासारखं नाही.
दिवाळीत बोअरच्या पाण्यावरून ती मला काहीतरी बोलली होती,
आणि पेनात शाई होती.

आठव्या दिवशी भेरूसिंगचं शेत उगवलं.
बांधावर उभी राहिले तर
आठ ओळी हिरव्या, एक काळी,
आठ हिरव्या, एक काळी,
थेट नाल्यापर्यंत.
यंत्र परत आणवलं, नळी सोडवली, उन्हाकडे धरली.
उजेड येईना.
आत कुंभारीण माशीचं घर,
अंगठ्याएवढं, सुबक लिंपलेलं.
पावसाळाभर यंत्र उभं होतं,
तिनं तिची वेळ साधली होती.

भेरूसिंगनं मला जे म्हटलं ते वहीत लिहिलेलं नाही.

रामकन्याबाईचा नंबर येईतो वाफसा उडून गेला.
तिनं पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा दहा दिवस थांबली,
डिसेंबर निम्मा झाला.
नळी तोवर साफ होती.
बी तीन बोटं खोल, ओळीओळीत एक वीत,
कुठे खंड नाही, कुठे दाटी नाही.
त्या वर्षी गावातली सगळ्यात देखणी पेरणी तिची.
रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

मार्चमध्ये गरम वारं सुटलं.
भेरूसिंगचा दाणा तोवर भरून कडक झालेला.
आणि त्याच्या काळ्या ओळी? बघायला गेले तर दिसेनात.
दोन्ही बाजूंच्या रोपांनी फुटवे काढून
रिकामी जागा आपसात वाटून घेतली होती.
रामकन्याबाईचा दाणा दुधात होता.
वारं त्याच्यावरून चार दिवस गेलं.
चुकलेल्या ओळीला शेजार असतो.
चुकलेल्या पंधरवड्याला कोण असतं?

मंडीतून आकडे आले:
त्याला बिघ्याला नऊ क्विंटल, खाड्यांसकट.
तिला साडेसहा.

वैशाखात ती उरलेलं भाडं द्यायला आली.
पदरातून मूठभर गहू काढून वहीवरच ठेवला.
चिमटलेला, हलका, जिऱ्याची आठवण देणारा.
म्हणाली, "फण उथळ लागला का गं तुझा?"
मी म्हटलं, "हो, स्प्रिंग सैल होती."
तिनं मान हलवली. यंत्राचं असं होतंच, म्हणाली.
चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश.
जाताना पुढच्या सालासाठी नाव लिहायला सांगून गेली,
"कुठंही लिही, तुला सोयीचं पडेल तिथं."

स्प्रिंग तेव्हाही घट्ट होती, आजही आहे.

काल चाक उचललं.
वीस फेरे दिले, आणि वर पाच.
नवव्या वाटीत दाणे पडताना
वाकून कान लावला.
वहीचं पहिलं पान अजून कोरं आहे.
बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर
फाटकाशी येऊन थांबलाय,
बंद न करता.